थंडी ऐकू कशी येते?

पावसाला आवाज आहे, वाऱ्याला आहे, वसंतातल्या पाखरांना तर आहेच. थंडीला आवाज नाही. ताजा, भुसभुशीत बर्फ तर असलेला आवाजही गिळतो. त्याच्या कणांमध्ये हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यांत ध्वनिलहरी शिरतात आणि तिथेच विरतात. म्हणून हिमवर्षाव थांबला की सगळा परिसर एकदम गप्प होतो. तरीही युरोपातल्या अभिजात संगीतात जवळजवळ साडेतीनशे वर्षं हिवाळ्यावर रचना होत आल्या आहेत, आणि त्यांतल्या चांगल्या रचना ऐकताना खरंच अंगावर शहारा येतो.

ज्याला आवाजच नाही ते सुरांत कसं आणायचं, यावर रचनाकारांनी आधी एक साधी युक्ती काढली. थंडी सोडून द्यायची आणि थंडीत माणसाच्या शरीराचं काय होतं ते वाजवायचं. दात वाजतात, पाय आपटले जातात, हुडहुडी भरते, चाल जपून होते. या सगळ्याला लय आहे, आणि जिला लय आहे ती गोष्ट वाद्यावर येते. पुढे बऱ्याच काळाने रचनाकार शरीराकडून निसर्गाकडे वळले आणि रिकामं, गोठलेलं दृश्यच सुरांत मांडू लागले. हा प्रवास ध्यानात ठेवला, तर हिवाळ्याचं संगीत समजायला पाश्चात्त्य संगीताची पदवी लागत नाही.

दोन शब्द मात्र आधी स्पष्ट करून घेऊ. मेजर आणि मायनर हे पुढे वारंवार येतील. हार्मोनियमवर सा दाबून त्याच्यासोबत शुद्ध गंधार आणि पंचम दाबला की मेजर. गंधार कोमल केला की मायनर. एवढ्या एका स्वराने रंग पालटतो. एफ मायनर, डी मायनर वगैरे नावांतलं पहिलं अक्षर फक्त षड्ज कुठे धरला आहे ते सांगतं. मायनर म्हणजे थंडी असं समीकरण मात्र मनात धरू नका. मायनरमध्ये प्रेमगीतंही आहेत आणि नाचही. गारवा येतो तो लयीतून, वाद्याच्या नादातून आणि सुरांच्या मांडणीतून.

हुडहुडीची लिपी

१६७७ साली फ्रान्सच्या दरबारी रचनाकाराने, जाँ-बातिस्त लुलीने, ‘इसिस’ नावाच्या ऑपेरात गोठलेल्या प्रदेशातल्या लोकांचा एक कोरस घातला. ते लोक थंडीने इतके कुडकुडत असतात की त्यांच्या तोंडून एक स्वर अखंड निघतच नाही, त्याचे तुकडे होतात. ही कल्पना लंडनमध्ये हेन्री पर्सेलने १६९१ मध्ये ‘किंग आर्थर’ या नाट्यसंगीतात पुढे नेली. तिसऱ्या अंकात बर्फाखाली गाडला गेलेला शीतदेव आहे. प्रेमदेवता त्याला हाक मारून उठवते. तो मोठ्या कष्टाने वर येतो आणि मला पुन्हा गोठून मरू द्या अशी विनवणी करतो.

या गाण्याची स्वरलिपी पाहण्यासारखी आहे. स्वर साधेच आहेत, एकसारख्या लांबीचे, एका ओळीत. पण त्यांच्या डोक्यावर पर्सेलने नागमोडी रेघ ओढली आहे. तीही दोन्हीकडे, गायकाच्या ओळीवर आणि तंतुवाद्यांच्या ओळीवर. म्हणजे स्वर तोच ठेवायचा, पण तो आतून थरथरायला हवा. खाली सुसंवाद (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचा मेळ) अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकत वर चढतो, त्यामुळे जडावलेलं शरीर उठायचा प्रयत्न करतंय हे शब्द न कळताही जाणवतं.

ती नागमोडी रेघ वाजवायची कशी, यावर आजही एकमत नाही. काही वादक गज अतिशय वेगाने पुढे-मागे करतात, त्याला ट्रेमोलो म्हणतात. जुन्या पद्धतीचे वादक गज एकाच दिशेने ओढत नेतात आणि त्यावरचा दाब तालात कमी-जास्त करतात. दुसरी पद्धत इथे जास्त शोभते, कारण तिच्यात स्वर तुटत नाही, फक्त हेलकावतो, आणि गायकाला तेच करायचं असतं. गायकाकडून होणारी नेहमीची चूक म्हणजे थरथर घशातून काढणे. मग आवाज बकरीच्या बेंबटण्यासारखा होतो आणि प्रसंगाचं हसं होतं. हेलकावा श्वासाच्या दाबातून यायला हवा, पोटातून, आणि तोही मोजून, मात्रेला धरून.

विवाल्दीचा हिवाळा, जवळून

अँतोनियो विवाल्दीच्या चार ऋतूंपैकी हिवाळा हा व्हायोलिनचा कॉन्चेर्तो आहे, म्हणजे एक मुख्य व्हायोलिनवादक आणि त्याच्याभोवती तंतुवाद्यांचा छोटा ऑर्केस्ट्रा. १७२५ साली ॲमस्टरडॅमला छापलेल्या बारा कॉन्चेर्तोंच्या संचातले पहिले चार म्हणजे हे ऋतू. प्रत्येकासोबत एक सुनीत छापलेलं आहे, आणि सुनीतातली कुठली ओळ संगीताच्या कुठल्या जागेवर येते हेही स्वरलिपीत दाखवलं आहे. म्हणजे इथे काय ऐकायचं याचा नकाशा मूळ छापील प्रतीतच आहे. तो हातात असताना नुसतं ‘छान वाटतं’ म्हणून ऐकणं हे अर्धंच ऐकणं आहे.

एकूण तीन भाग, साधारण आठ-नऊ मिनिटं.

पहिला भाग एफ मायनरमध्ये सुरू होतो. खालच्या पट्टीतली वाद्यं एकच स्वर ठोके दिल्यासारखा वाजवत राहतात, मग एकेक वरचं वाद्य येऊन त्यात मिसळतं. येणारा प्रत्येक नवा स्वर आधीच्या स्वरांना टोचतो. चाल नाही, धून नाही, फक्त एकसारखे ठोके आणि हळूहळू वाढणारी बोच. बर्फात गारठून कुडकुडणारा माणूस तो हा. मग मुख्य व्हायोलिन अचानक झपाट्याने वर-खाली धावतं, तो बोचरा वारा. पुढे सगळा ऑर्केस्ट्रा मिळून तोच स्वर दुप्पट-चौपट वेगाने बडवतो, ते ऊब यावी म्हणून धावणं आणि पाय आपटणं. आणि भागाच्या उत्तरार्धात मुख्य व्हायोलिन दोन तारांवर एकाच वेळी, अतिशय जलद, तेच-तेच स्वर वाजवतं, ते दात वाजणं.

एफ मायनर का, याचं एक कारण वाद्याच्या शरीरातच आहे. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा म्हणजे जी, डी, ए, ई. सतारीच्या तरफा जशा जुळता स्वर लागला की आपोआप बोलतात, तशाच व्हायोलिनच्या मोकळ्या ताराही जुळत्या स्वराला साथ देतात. एफ मायनरमध्ये डी आणि ए हे दोन्ही स्वर कोमल होतात, म्हणजे त्या दोन तारांना साथ द्यायला फारसं काही मिळतच नाही. वाद्य थोडं आखडल्यासारखं, कोरडं वाजतं. डी मेजरमध्ये तेच वाद्य खुलून घुमतं. ऐकणाऱ्याला कारण ठाऊक नसलं तरी कानाला फरक कळतो.

आजकालच्या बऱ्याच ध्वनिमुद्रणांत सुरुवातीचे ठोके खरखरीत, काचेवर नख ओढल्यासारखे ऐकू येतात. गज घोडीच्या, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या लाकडी पट्टीच्या, अगदी जवळ धरला की मूळ स्वर दबतो आणि त्याच्यावरचे बारीक, उंच नाद पुढे येतात. ही खूण विवाल्दीने लिहिलेली नाही, वादकांनी केलेली निवड आहे. मला ती पटते, पण तिची एक किंमत आहे. सुरुवातीलाच सगळा खरखरीतपणा वापरून टाकला, की दात वाजण्याच्या जागेला द्यायला काही उरत नाही. समंजस वादक पहिल्या ठोक्यांना जवळजवळ निर्जीव ठेवतात आणि आवाजाची धार हळूहळू वाढवतात.

दुसरा भाग हा या सगळ्या रचनेचा खरा शहाणपणा. बाहेर पाऊस पडतोय आणि आत माणूस शेकोटीपाशी निवांत बसलाय. षड्ज बदलून मेजरचा उजेड येतो. मुख्य व्हायोलिन एक लांबसडक, गाती धून वाजवतं, साथीची व्हायोलिन गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतात (याला पिझिकातो म्हणतात), ते पावसाचे थेंब, आणि व्हायोला मधल्या पट्टीत लांब स्वर धरून राहतो. थंडी दाखवायची तर शेजारी ऊब ठेवावी लागते, नाहीतर कान थंडीला सरावतो आणि ती जाणवेनाशी होते. हा भाग जेमतेम अठरा मापांचा (तालाच्या आवर्तनांचा) आहे. तरी कुणी तो सव्वा मिनिटात संपवतो, कुणी अडीच मिनिटं घेतो. फार संथ घेतला की थेंब एकेक मोजता येतात आणि पाऊस पडल्यासारखा वाटतच नाही. त्यामुळे ध्वनिमुद्रण निवडताना धून किती गोड लागते ते सोडा, छेडलेल्या तारांकडे कान द्या. त्या सलग सरीसारख्या वाजत असतील तर लय बरोबर आहे.

तिसरा भाग बर्फावरून चालण्याचा. खाली एकच स्वर लांबच लांब धरलेला, जणू गोठलेल्या पाण्याचा पृष्ठभाग, आणि त्यावर मुख्य व्हायोलिन एकटं, जपून, वळणं घेत पुढे जातं. मग सगळे जण पाय अगदी सांभाळून टाकतात. मग घसरण, मग पडणं: सुरांची रांग तडक खाली कोसळते. माणूस उठतो, पुन्हा जोरात धावतो, आणि बर्फ तडकतो. शेवटच्या वादळाआधी काही क्षण संगीत एकदम मंद आणि मऊ होतं. दक्षिणेचा उबदार वारा बंद दारांमधूनही आत येतोय, असं तिथलं काव्य सांगतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांची ही जागा हमखास निसटते. त्यानंतर सगळे वारे एकमेकांवर तुटून पडतात.

घुंगरं, घोडे आणि घसरगाडी

हिवाळ्याची आनंदी बाजू दाखवायला एकच साधन पुरतं: बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाडीच्या घोड्यांचे घुंगरू. बर्फात चाकांचा आणि टापांचा आवाज येत नाही, म्हणून समोरच्याला कळावं यासाठी घोड्यांना घुंगरू बांधत. ऑर्केस्ट्रात ते जसेच्या तसे आले. मोझार्टने १७९१ मध्ये लिहिलेल्या एका जर्मन नृत्यात तर वेगवेगळ्या स्वरांत लावलेले घुंगरू आहेत, म्हणजे ते नुसता ताल धरत नाहीत, सुरातही बोलतात. प्रोकोफिएव्हच्या ‘लेफ्टनंट किझे’ या १९३४ च्या संगीतात तीन घोड्यांची गाडी भरधाव जाते तिथेही घुंगरू आहेतच, सोबत छेडलेल्या तारा. चायकोव्हस्कीने पियानोसाठी लिहिलेल्या बारा महिन्यांच्या बारा तुकड्यांत नोव्हेंबरची अशीच गाडी आहे, आणि तिथे घुंगरांचं काम पियानोच्या वरच्या पट्टीतले हलके स्वर करतात.

घुंगरू ऐकू आले की हिवाळा, असा आडाखा मात्र बांधू नका. माहलरची चौथी सिंफनी घुंगरांनीच सुरू होते आणि तिचा शेवट स्वर्गातल्या जीवनाबद्दलच्या एका बालगीतात होतो.

शुबर्ट: चालता चालता गोठणं

फ्रान्झ शुबर्टची ‘विंटररायझे’, म्हणजे हिवाळ्यातला प्रवास, ही चोवीस गाण्यांची माळ. एक गायक, एक पियानो, सुमारे सत्तर मिनिटं. कविता विल्हेल्म म्युलरच्या. शुबर्टने १८२७ मध्ये ही गाणी दोन टप्प्यांत, बारा-बारा करून, रचली आणि पुढच्याच वर्षी एकतिसाव्या वर्षी तो गेला. आजारपणात तो दुसऱ्या भागाची मुद्रितं तपासत होता. प्रेमात नाकारला गेलेला एक तरुण रात्री गाव सोडतो आणि बर्फातून चालत राहतो, एवढीच कथा. घटना अशा फारशा नाहीत.

इथे पियानोच्या साथीतच सगळं घडतं, म्हणून आधी पियानो ऐकायला शिकावं. पहिल्या गाण्यात पियानो सरळ, एकसारख्या पावलांनी चालतो. डी मायनर, मात्रा समान, कुठेही धाव नाही आणि थांबणंही नाही. धून वरून खाली उतरते, पुन्हा वर जाऊन पुन्हा उतरते. शेवटच्या कडव्यात तो तिच्या दारावर निरोप लिहून निघतो आणि त्या क्षणी कोमल गंधार शुद्ध होतो. पाऊल तेच, धूनही जवळजवळ तीच, फक्त मायनरचं मेजर झालं. मेजर म्हणजे आनंद असं शिकवणाऱ्या सगळ्या पाठांना हा एक स्वर खोटं ठरवतो, कारण गाण्यातली सगळ्यात जास्त दुखरी जागा हीच आहे. शुबर्ट पुढेही हेच करतो. मेजर आलं की समजावं, तो काहीतरी आठवतोय किंवा स्वप्न पाहतोय. अकराव्या गाण्यातलं वसंताचं स्वप्न असंच मेजरमध्ये झुलत सुरू होतं आणि कोंबड्याच्या आरवण्याने तुटतं.

सातवं गाणं गोठलेल्या नदीचं. सुरुवातीला पियानोचे स्वर सुटे, कोरडे आणि अतिशय हळू आहेत, वर नुसतं कवच. पण जसजसं गाणं पुढे जातं तसतसे पियानोचे स्वर बारीक आणि जलद होत जातात, आणि शेवटच्या कडव्यात, माझ्या हृदया, या नदीत तुला तुझंच चित्र दिसतं का, असं तो विचारतो तेव्हा गायकाची आधीची धून पियानोच्या डाव्या हातात, खालच्या पट्टीत गेलेली असते. पाणी बर्फाखाली वाहतंय. बऱ्याच ध्वनिमुद्रणांत वादक उजव्या हाताची गडबड पुढे आणतात आणि ही खालची धून बुडते. तसं झालं की गाण्याचा अर्थच हरवतो.

आणि चोविसावं, शेवटचं गाणं. गावाबाहेर, बर्फावर अनवाणी उभा असलेला एक म्हातारा हर्डी-गर्डी वाजवतोय. हे हाताने दांडा फिरवून वाजवायचं तंतुवाद्य. फिरणारं चाक तारांना घासत राहतं, त्यामुळे काही तारांवर एकच सूर अखंड चालू असतो. समोरची थाळी रिकामी आहे, ऐकायला कुणी नाही, कुत्री गुरगुरतायत. पियानोचा डावा हात पहिल्या मापापासून शेवटच्या मापापर्यंत षड्ज आणि पंचम, एवढंच वाजवतो. उजव्या हाताची छोटीशी, तीच-तीच धून बहुतेक वेळा गायक थांबला की येते. दोघे एकमेकांशी बोलतच नाहीत.

आपल्या कानाला इथे एक अडचण येते, आणि ती समजून घेणं फार मोलाचं आहे. सा-प चा अखंड आधार म्हणजे आपल्यासाठी तानपुरा. तो सुरू झाला की आपण स्थिरावतो, गाणं आता कुठे सुरू होणार असं वाटतं. त्यामुळे हे शेवटचं गाणं काही मराठी रसिकांना सुरुवातीला शांत, अगदी समाधानी वाटतं. पण युरोपीय संगीतात मंद्रातला आधारस्वर सतत हलत असतो, त्याच्या हलण्यातूनच गाणं पुढे सरकतं. तेवीस गाणी हा आधार चालत आला आहे. तो चोविसाव्यात थांबतो. उजवा हात त्याच्यावर वेगळे, न जुळणारे स्वर ठेवतो, तरी तो जागचा हलत नाही. म्हणून हे गाणं एकटं ऐकून चालत नाही. निदान पहिलं गाणं आणि त्याच्यामागून शेवटचं, एवढं तरी लागोपाठ ऐकावं. चालणं थांबलेलं मग स्पष्ट कळतं.

बर्फ पडतो त्याचा आवाज

पडणाऱ्या बर्फाला आवाज नसतो, पण हालचाल असते. पियानोवर ती अतिशय हलक्या, जलद, सुट्या स्वरांनी दाखवतात. क्लोद देबुसीने १९०८ च्या ‘चिल्ड्रन्स कॉर्नर’मधल्या नाचत्या बर्फाच्या तुकड्यात दोन हातांना आळीपाळीने एकेक स्वर दिला आहे. दोन्ही मिळून एकच सलग ओळ ऐकू यायला हवी. शिकणाऱ्यांचं इथे नेहमी एकच बिघडतं. एका हाताचा दाब दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त पडतो, मग ओळ लंगडते आणि बर्फाऐवजी टापा ऐकू येतात. उपाय असा: प्रत्येक हात वेगळा, निम्म्या लयीत, मेट्रोनोमला (ठरावीक लयीत टकटक करणाऱ्या यंत्राला) धरून, अगदी हळू आवाजात पक्का करायचा. मग दोन्ही एकत्र आणायचे, पण आवाज वाढवायचा नाही. या तुकड्यात आवाजावरचा ताबा सुटला की लयही सुटते.

चायकोव्हस्कीने १८९२ च्या ‘नटक्रॅकर’ बॅलेमध्ये हिमकणांच्या नाचासाठी वेगळीच गंमत केली. नाच तीन मात्रांचा आहे, पण बासऱ्यांचे स्वर दोन-दोनच्या जोड्यांनी येतात. कान सम शोधत राहतो आणि ती हातून निसटते, म्हणून सगळं तरंगल्यासारखं वाटतं. मग त्यात शब्दांविना, नुसत्या ‘आ’कारात गाणारा कोरस मिसळतो.

वारा दाखवणं त्यामानाने सोपं, कारण वाऱ्याला आवाज आहे. फ्रान्झ लिस्टच्या बाराव्या ट्रान्सेंडेंटल एट्यूडमध्ये (एट्यूड म्हणजे सरावासाठीची रचना) पियानोचे स्वर सतत थरथरत राहतात आणि त्यातून बर्फाची वावटळ उठते. शोपँच्या ए मायनरमधल्या एट्यूडला लोक हिवाळी वारा म्हणतात. ते नाव शोपँचं नाही, पण उजव्या हाताचा तो घसरता लोंढा ऐकल्यावर ते का चिकटलं हे लगेच कळतं. राल्फ वॉन विल्यम्सने तर १९५३ मध्ये सादर झालेल्या ‘सिन्फोनिया अंतार्तिका’त चक्क वाऱ्याचं यंत्र वापरलं. पट्ट्या लावलेला एक दंडगोल दांड्याने फिरवायचा, त्या पट्ट्या ताणलेल्या कापडाला घासतात. वेग वाढला की आवाज मोठाही होतो आणि उंचही. गोची इथेच आहे. फिरवणाऱ्याने एकसारख्या वेगाने फिरवलं तर ते गिरणीसारखं घरघरतं, आणि फार जोरात फिरवलं तर दूरवरून येणारा कोरस झाकून टाकतं. वारा कधीच एकसारखा वाहत नाही, त्यामुळे दांडा श्वासासारखा कमी-जास्त करावा लागतो.

एक पाऊल, दुसरं पाऊल

हिवाळ्याच्या सगळ्या रचनांतून एकच ठेवायची असेल, तर मी देबुसीच्या ‘बर्फावरची पावलं’ या छोट्या पियानो-प्रेल्यूडवर बोट ठेवीन. फक्त छत्तीस मापं. लिहून झाल्याची तारीख २७ डिसेंबर १९०९.

पहिल्या मापात जे ऐकू येतं ते आपल्या भाषेत असं: सा-रे, थोडं थांबून, रे-कोमल ग. एक स्वर दुसऱ्यावर अडखळतो आणि थांबतो. पुन्हा तेच. हा दोन पावलांचा नमुना जवळजवळ संपूर्ण रचनेत चालू राहतो. देबुसीने त्याच्याखाली लिहून ठेवलंय की या लयीचं मोल उदास, गोठलेल्या भूदृश्याच्या पार्श्वभूमीइतकं असावं. ही एक सूचना सगळं काही सांगते. पावलं ही इथे पार्श्वभूमी आहे. चालणारा माणूस दिसत नाही, त्याच्या खुणा दिसतात. विवाल्दीच्या बर्फावर माणूस धावत होता, पडत होता, दात वाजवत होता. इथे तो निघून गेला आहे. वरच्या धूनेचे तुकडे येतात, अर्धवट राहतात, आणि खालचा सुसंवाद बदलला की तेच सा-रे-ग दर वेळी वेगळ्या रंगाचे वाटतात.

वाजवणाऱ्याच्या दृष्टीने हा तुकडा दिसतो तितका सोपा मुळीच नाही. स्वर कमी आहेत, त्यामुळे प्रत्येक चूक उघडी पडते. पहिली चूक म्हणजे पावलांचा दुसरा स्वर जोरात येणं. पहिला स्वर टेकायचा आणि दुसरा त्यातून निघाल्यासारखा यायला हवा. दुसरी चूक पेडलची, म्हणजे पायाने दाबून स्वर लांबवायच्या दांडीची. पेडल दाबून धरलं की सा, रे आणि ग एकमेकांत मिसळून चिखल होतो, आणि अजिबात वापरलं नाही तर पावलांमधली हवा नाहीशी होते. अर्धं दाबून, सुसंवाद बदलेल तसं बदलत राहावं, आणि हे कानानेच ठरवावं, कारण प्रत्येक पियानोत पेडलची खोली वेगळी. तिसरी चूक लयीची. वरची धून भावपूर्ण करायच्या नादात पावलंही तिच्यासोबत हेलकावू लागतात. धूनेला मोकळीक द्या, पावलांना नाही.

देबुसीनंतर शंभर वर्षांनी डेन्मार्कच्या हान्स आब्राहामसेनने ‘श्ने’, म्हणजे बर्फ, ही नऊ वादकांची रचना केली (२००८). तिच्यात कॅननच्या पाच जोड्या आहेत. कॅनन म्हणजे एकाने सुरू केलेली ओळ दुसऱ्याने थोड्या अंतराने उचलायची. प्रत्येक जोडी आधीच्या जोडीपेक्षा छोटी, आणि मध्येमध्ये वादक थांबून आपली वाद्यं स्वराच्या एका अंशाने उतरवून लावतात. हे वाद्य लावणंही रचनेचाच भाग आहे. शेवटी कुठलाच स्वर कानाला ओळखीच्या जागी सापडत नाही. ही तासाभराची रचना अगदी सुरुवातीला ऐकू नका, देबुसी मुरल्यावर ऐका.

ऐकायचं कसं

सुरुवात विवाल्दीपासून करा, पण तिन्ही भाग सलग ऐकण्याआधी फक्त दुसरा भाग दोन वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणांत ऐका, एक आधुनिक ऑर्केस्ट्राचं आणि एक जुन्या पद्धतीच्या आतड्याच्या तारा लावणाऱ्यांचं. लयीतला आणि थेंबांतला फरक कानाला लगेच कळेल. मग पहिला भाग, आणि त्यात कुडकुडणं, वारा, पाय, दात या चार जागा शोधा. नंतर पर्सेलचं शीतदेवाचं गाणं घ्या. ते दोन-चार मिनिटांचंच आहे.

‘विंटररायझे’साठी एखादी मोकळी संध्याकाळ आणि शब्दांचा अनुवाद हवाच. पियानोत काय चाललंय हे शब्दांशिवाय अर्धंच कळतं. आवाज कुठला निवडावा? गाणी मुळात उंच पट्टीत, टेनरला सोयीची आहेत, पण खालच्या पट्टीत उतरवून बॅरिटोन ती कायम गात आले आहेत. डीट्रिश फिशर-डीस्काऊचं गाणं शब्दाशब्दाला अर्थ देणारं, आणि पीटर पियर्सचं, बेंजामिन ब्रिटनच्या पियानोसह, जास्त उघडं आणि बोचरं. क्रिस्टा लुडविग आणि ब्रिगिटे फासबेंडर या स्त्रियांनीही ही माळ गायली आहे आणि तीही आवर्जून ऐकावी.

ध्वनिपातळीबद्दल शेवटचं. ही सगळी माणसं फार हळू आवाजासाठी लिहीत होती. गाडीत, गर्दीत किंवा पंख्याच्या घरघरीत देबुसीची पावलं ऐकूच येत नाहीत, मग आपण आवाज वाढवतो आणि हळू स्वर मोठे होऊन त्यांचा गारवा जातो. शांत खोलीत, चांगल्या हेडफोनवर, पहिलं सा-रे जेमतेम ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा आणि शेवटपर्यंत त्याला हात लावू नका.